५० पॅराशूट ब्रिगेडचा इतिहास छापण्याआधी : मराठी संपादक आणि प्रकाशकांना खुले पत्र

मराठी नियतकालिकांचे, संकेतस्थळांचे संपादक आणि लष्करी इतिहासाची पुस्तके काढणारे प्रकाशक यांस,

स. न. वि. वि.

५० पॅराशूट ब्रिगेड ही भारतीय लष्करातली छत्रीधारी सैनिकांची ब्रिगेड. तिच्यावर मराठीत लिहिले जाते आणि ते आवडीने वाचलेही जाते. सांगशाक (मणिपूर, १९४४), झांगर (जम्मू-काश्मीर, १९४८), गोवा (१९६१), टांगाईल (आजचा बांगलादेश, १९७१) या चारही ठिकाणी मराठा पलटणींचा किंवा मराठा परंपरेच्या पलटणींचा हात आहे. त्यामुळे हा विषय आपल्या वाचकांना जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. पण या लेखनात ठरावीक चुका पुन्हा पुन्हा येतात, आणि एकाने छापलेली चूक दुसरा पुरावा म्हणून वापरतो. बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. ब्रिगेडचा इतिहास हा पलटणीचा इतिहास असल्यासारखा लिहिला जातो.

पलटण, म्हणजे बटालियन, कायमची असते. तिची भरती, तिचा रेजिमेंटल सेंटर, तिची युद्धसन्मानांची यादी सगळे ठरलेले असते. ब्रिगेडचे तसे नाही. ब्रिगेड म्हणजे एक मुख्यालय, सिग्नल कंपनी आणि त्या त्या वेळी हाताखाली दिलेल्या साधारण तीन पलटणी, शिवाय तोफखाना, सॅपर्स (लष्करी अभियंते), वैद्यकीय तुकडी. यातले काहीही आदेशाने बदलते, कधी कधी आठवड्याच्या आत. युद्धसन्मान रेजिमेंटला मिळतो, ब्रिगेडला मिळत नाही. म्हणून ब्रिगेडच्या लढायांची तयार यादी कुठे सापडत नाही, ती तारखेवार रचना तपासूनच करावी लागते.

लेखक मात्र पॅराशूट रेजिमेंटच्या युद्धसन्मानांची यादी उचलतात आणि ब्रिगेडच्या नावावर लावतात. शालटेंग, नौशेरा, पूंछ, झांगर, हाजीपीर, पुंगली पूल ही नावे त्या यादीत आहेत. यांतली शालटेंगची लढाई ७ नोव्हेंबर १९४७ ची. ती ब्रिगेडियर एल. पी. सेन यांच्या १६१ ब्रिगेडने लढली, आणि तिथे १ (पॅरा) कुमाऊं पलटण त्यांच्या हाताखाली होती. पूंछचा वेढा त्याच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल प्रीतम सिंग यांनी लढवला. हाजीपीर खिंड २८ ऑगस्ट १९६५ रोजी १ पॅराच्या मेजर रणजितसिंग दयाल यांनी घेतली, पण ती पलटण तेव्हा ब्रिगेडियर झोरावरचंद बक्षी यांच्या ६८ इन्फंट्री ब्रिगेडमध्ये होती. या तिन्ही लढाया पॅरा सैनिकांच्या आहेत, ५० ब्रिगेडच्या नाहीत.

उलटी चूकही तितकीच होते. जे सैनिक पॅरा नव्हते पण ब्रिगेडमध्ये लढले, ते गाळले जातात. नौशेराचे नाईक जदुनाथ सिंग यांना परमवीरचक्र मिळाले ते ६ फेब्रुवारी १९४८ च्या तैनधारवरच्या लढतीसाठी. दोन नंबरच्या पिकेटवर त्यांच्या हाताखाली नऊ जणांची चौकी होती. ते १ राजपूतचे, म्हणजे साध्या पायदळ पलटणीचे; पण १ राजपूत तेव्हा ५० पॅरा ब्रिगेडच्या आदेशाखाली होती. ब्रिगेडच्या इतिहासात हे परमवीरचक्र नसेल तर तो इतिहास अपुरा आहे, आणि ते ‘पॅरा सैनिकाचे’ म्हणून आले असेल तर चुकीचा.

आकड्यांचा घोळ यापेक्षा मोठा आहे, आणि मराठी लेखनात तो सर्वाधिक दिसतो. १९४८ मध्ये झांगरला लढली ती ३ (पॅरा) मराठा लाइट इन्फंट्री. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट नव्याने उभी राहिली तेव्हा हीच पलटण २ पॅरा झाली. १ (पॅरा) कुमाऊं ही ३ पॅरा झाली आणि पंजाब रेजिमेंटची पॅरा पलटण १ पॅरा झाली. म्हणजे १९४८ च्या कागदातला ‘३’ पाहून लेखकाने ‘३ पॅरा’ लिहिले की मराठ्यांची लढाई कुमाऊंच्या खात्यात जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या कागदात ‘४/५ मराठा’ असे येते. त्याचा अर्थ पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण. तो अपूर्णांक नव्हे, आणि चौथी-पाचवी अशा दोन पलटणीही नव्हेत. नियम सोपा आहे. मजकुरात त्या तारखेचे नाव लिहावे, आणि पहिल्या उल्लेखाला आजचे नाव तळटीपेत द्यावे. दोन्ही नावे एकाच वाक्यात मिसळू देऊ नयेत.

ब्रिगेडच्या क्रमांकाबाबतही हेच. ५० ब्रिगेड ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत उभी राहिली. १५१ ब्रिटिश, १५२ भारतीय आणि १५३ गुरखा अशा तीन पॅराशूट पलटणी तिच्यात होत्या. १९४२ च्या अखेरीस १५१ पश्चिम आशियात गेली, तिचा क्रमांक १५६ झाला आणि ती पुढे नेदरलँड्समधल्या आर्नेमला लढली. तिची जागा १५४ गुरखा पलटणीने घेतली, जी आधी ३/७ गुरखा रायफल्स होती. महायुद्ध संपताना हवाई डिव्हिजनमध्ये (डिव्हिजन म्हणजे काही ब्रिगेड मिळून झालेली मोठी रचना) ५० बरोबर ७७ आणि १४ याही ब्रिगेड होत्या. फाळणीत १४ पाकिस्तानकडे गेली, ५० आणि ७७ भारताकडे राहिल्या. ब्रिगेडियर महंमद उस्मान हे आधी ७७ चे कमांडर होते. डिसेंबर १९४७ मध्ये ब्रिगेडियर परांजपे आजारी पडल्यावर ते ५० वर आले. ही तारीख धरली नाही तर ७७ मधले प्रसंग ५० च्या इतिहासात शिरतात.

आता सांगशाककडे जरा निगुतीने पाहू, कारण ब्रिगेडचा इतिहास कसा लिहावा हे तिथे नीट कळते.

मार्च १९४४ मध्ये ब्रिगेडियर होप-थॉमसन यांची ब्रिगेड मणिपुरात उखरुलच्या परिसरात चौथ्या कोअरच्या २३ व्या डिव्हिजनखाली होती. तिथे ब्रिगेड मुख्यालय, १५२ आणि १५३ होत्या. १५४ मागेच राहिली होती. त्यामुळे ‘ब्रिगेडच्या तिन्ही पॅरा पलटणी सांगशाकला लढल्या’ हे विधान चुकीचे आहे. तिसरी पलटण होती ४/५ मराठा. ती मूळची ४९ ब्रिगेडची. आपली ब्रिगेड हलली तरी ती या भागात राहिली आणि ५० च्या हाताखाली आली. शिवाय डोंगरी तोफांची बॅटरी, उखळी तोफांची बॅटरी आणि नेपाळच्या काली बहादूर रेजिमेंटच्या कंपन्या होत्या. १९ मार्चला शेल्डन्स कॉर्नरच्या पुढे पॉइंट ७३७८ वर १५२ च्या सी कंपनीवर जपानी ५८ व्या रेजिमेंटचा हल्ला आला आणि दुसऱ्या दिवशी कंपनी जवळजवळ संपली. त्यानंतर सगळे सांगशाकच्या टेकडीवर एकवटले आणि २६ मार्चच्या रात्री माघारीचा आदेश मिळेपर्यंत तिथे टिकले.

पॉइंट ७३७८ हा आकडा फुटांत आहे, साधारण २,२४९ मीटर. ‘७,३७८ मीटर उंच शिखर’ असे छापले तर ते मणिपुरात बसतच नाही. महायुद्धातल्या भारतीय लष्करी नकाशांवर उंची फुटांत आणि अंतर मैलांत असते, आजच्या नकाशांवर मीटर आणि किलोमीटर. लेखकाने दोन्ही नकाशे शेजारी ठेवून लिहिले की गडबड ठरलेली.

वेळेचेही असेच. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात भारतात घड्याळ एक तास पुढे होते, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. जपानी सैन्य टोकियोची वेळ पाळत असे, नऊ तास पुढे. एकाच हल्ल्याची वेळ दोन्ही बाजूंच्या कागदांत अडीच तासांनी वेगळी येते. त्यामुळे एकाच लेखात ‘पहाटेचा हल्ला’ आणि ‘सकाळचा हल्ला’ असे दोन हल्ले उभे राहतात आणि मेलेल्यांचे आकडे दुप्पट होतात.

सांगशाकला हाल का झाले, याची कारणे कागदावर आहेत. ती शौर्याच्या विशेषणांखाली गाडू नयेत. टेकडीच्या आत पाण्याचा झरा नव्हता. दोन-तीन फुटांखाली खडक लागत असल्याने खंदक उथळ राहिले. काटेरी तार नव्हती. विमानांनी टाकलेली बरीच रसद आणि दारूगोळा जपानी बाजूला पडला, कारण धारेवरचा मोर्चा फार लहान होता आणि वरून उडणाऱ्या विमानाला तो क्षणात ओलांडून जाई. तरीही मेजर जनरल मियाझाकी यांच्या ५८ व्या रेजिमेंटचा कोहिमाकडचा वेग इथे जवळपास आठवडाभर अडला. मेलेल्या जपानी अधिकाऱ्याकडून मिळालेला नकाशा नकलून घेऊन इंफाळला पोहोचवला गेला. त्यावर ३१ व्या जपानी डिव्हिजनची कोहिमावर जाण्याची योजना होती. ब्रिगेड मुख्यालयाच्या गुप्तवार्ता शाखेचे हे काम पलटणीच्या इतिहासात एका ओळीत उरकते, ब्रिगेडच्या इतिहासात मात्र त्याला पान लागते.

जीवितहानीचे आकडे छापताना लेखकाला तीन गोष्टी विचारा. आकडा मेलेल्यांचा की एकूण हानीचा? बेपत्ता धरले आहेत का? आणि कोणत्या तारखेची ही मोजणी? घटनेनंतर लगेच केलेल्या मोजणीत बेपत्ता म्हणून आलेले लोक पुढे मृत, युद्धकैदी किंवा परतलेले म्हणून दुसऱ्या रकान्यात जातात. पडताळणीसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंदवही सर्वांना खुली आहे, पण तिथे शोध रेजिमेंटनुसार लागतो, ब्रिगेडनुसार नाही. हिंदू आणि शीख सैनिकांची नावे थडग्यांवर शोधून मिळत नाहीत. ती इंफाळच्या इंडियन आर्मी वॉर सेमेटरीतल्या दहन-स्मारकावर किंवा म्यानमारमधल्या तौक्यान इथल्या रंगून मेमोरियलवर पाहावी लागतात. नुसत्या इंफाळ वॉर सेमेटरीवर थांबलेल्या लेखकाला भारतीयांचा आकडा कमीच मिळणार.

आता झांगर. ते कधी पडले, याला २४ आणि २५ डिसेंबर १९४७ अशा दोन तारखा सापडतात.  लेखकाने कोणती तारीख कोणत्या कागदावरून घेतली, ते विचारून मगच छापा. झांगर १८ मार्च १९४८ रोजी परत घेतले गेले. त्यासाठी १९ इन्फंट्री ब्रिगेड आणि ५० पॅरा ब्रिगेड अशा दोन ब्रिगेड एकत्र पुढे सरकल्या. मराठीतल्या बहुतेक लेखांत १९ ब्रिगेडचे नावच नसते. झांगर मिळेपर्यंत पलंगावर झोपणार नाही, ही उस्मान यांची प्रतिज्ञा जरूर द्या, पण तिच्या शेजारी हल्ल्याची रचनाही द्या. ३ जुलै १९४८ रोजी झांगरलाच तोफगोळ्याने उस्मान गेले आणि त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. त्यांची कबर दिल्लीत जामिया मिलियाच्या परिसरात आहे.

नावात पॅराशूट आहे म्हणून प्रत्येक मोहिमेत छत्र्या उघडत नाहीत, हे संपादकाने लक्षात ठेवावे. डिसेंबर १९६१ मध्ये ब्रिगेडियर सगतसिंग यांची ब्रिगेड आग्ऱ्याहून बेळगावला आली आणि दोडामार्गाकडून गोव्यात पायी आणि गाड्यांनी शिरली. मुख्य हल्ला मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ डिव्हिजनचा होता, ब्रिगेडकडे दुय्यम काम होते. पण १७ डिव्हिजनच्या वाटेवरचे पूल उडवलेले होते. ब्रिगेडने वेग धरला आणि पणजी आधी गाठली. तीन वाटांनी ती गेली, पूर्वेकडून २ पॅरा फोंड्याकडे, मधून १ पॅरा बाणस्तारीकडे आणि पश्चिमेकडून २ शीख लाइट इन्फंट्री रणगाड्यांसह. १८ तारखेला संध्याकाळी बेतीला, म्हणजे मांडवीच्या अलीकडे पोहोचली आणि १९ ला सकाळी पणजीत शिरली ती ही शीख पलटण. तिच्यात एकही पॅराट्रूपर नव्हता. ‘पॅरा सैनिक पणजीवर उतरले’ असे वाक्य मसुद्यात दिसले की तिथेच लाल रेघ मारा. ३ नोव्हेंबर १९८८ च्या मालदीव मोहिमेतही ब्रिगेडियर बलसारा यांच्याबरोबर ६ पॅराचे जवान आग्ऱ्याहून निघून हुलहुलेच्या धावपट्टीवर आयएल-७६ विमानांतून उतरले, छत्रीने नव्हे. आणि १ मे १९४५ रोजी रंगून नदीच्या मुखाशी एलिफंट पॉइंटवर जे छत्रीने उतरले, ते १५३ आणि १५४ मधून निवडून केलेल्या मिश्र गुरखा पलटणीचे होते. तिथे ब्रिगेड म्हणून कोणी उतरले नाही.

टांगाईलची गोष्ट सर्वांत जास्त फुगवली गेली आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी तिथे उतरला तो २ पॅरा बटालियन ग्रुप, लेफ्टनंट कर्नल पन्नू यांच्या हाताखाली. ग्रुप म्हणजे पलटण अधिक तोफांची एक बॅटरी, सॅपर्सची तुकडी, वैद्यकीय तुकडी आणि सिग्नलचे लोक. ब्रिगेडियर मॅथ्यू थॉमस यांची बाकीची ब्रिगेड तिथे उतरली नाही. लष्करी कागदात हे ‘५० पॅरा ब्रिगेड वजा २ पॅरा’ असे लिहिलेले असते, आणि हा ‘वजा’ मराठी लेखात गळतो. त्या दिवसांत वृत्तपत्रांना दिला गेलेला छत्र्यांनी भरलेल्या आभाळाचा फोटो आधीच्या सरावाचा होता. तो पाहून जगभर हजारो सैनिक उतरल्याच्या बातम्या गेल्या. आजही तोच फोटो ‘टांगाईल, १९७१’ या ओळीसह छापला जातो. निदान चित्रओळ तरी बदला.

विमाने तीन-चार प्रकारची होती, एएन-१२, पॅकेट, डाकोटा आणि थोडी कॅरिबू. ती कलाईकुंडा आणि दमदमहून उडाली. प्रत्येकाचा वेग आणि वाहून नेण्याची क्षमता वेगळी, म्हणून उड्डाणाच्या वेळा वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर सगळी एकदम उतरणक्षेत्रावर येत नाहीत. जीप आणि तोफा अवजड सामानाच्या छत्र्यांनी टाकल्या जातात. वाऱ्याने त्या भरकटतात आणि शोधून, ओढून आणाव्या लागतात. पलटण जमिनीवर आल्यावर पहिले तास या गोळाबेरजेत जातात. कादर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीची आणि गावकऱ्यांची मदत तिथे मोलाची ठरली. काम होते लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल घेऊन जमालपूर-मैमनसिंगहून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी ९३ ब्रिगेडची वाट अडवणे. त्या ब्रिगेडचा काही भाग आधीच निघून गेला होता, हेही लिहायला हवे. दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरला, ९५ माउंटन ब्रिगेडची १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, जमिनीवरून पुंगलीला येऊन मिळाली. हवेतून आलेली २ पॅरा मूळची मराठा, जमिनीवरून आलेली पलटणही मराठाच. मराठी वाचकासाठी यापेक्षा भरघोस तपशील कोणता असणार? पण बहुतेक लेखांत जंगी पलटणीचा उल्लेखही नसतो, कारण ती ‘पॅरा’ नाही.

मागच्या फळीकडे दुर्लक्ष होते, त्याबद्दलही बोलायला हवे. ब्रिगेडच्या सॅपर्सची ४११ पॅरा फील्ड कंपनी ही खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची. ब्रिगेडची ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली कोरियात गेली, आणि मार्च १९५१ मध्ये तिच्या छोट्या तुकडीने मुनसान-नी येथे अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर उडी घेतली. हेच रंगराज १९४१ मध्ये छत्रीने उतरणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक होते. उतरणक्षेत्र आधी जाऊन आखणारी पाथफाइंडर कंपनी राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाची असते. छत्र्या वाळवणारे, तपासणारे, घडी करणारे लोक वेगळेच. घडी चुकली तर उडी चुकते, म्हणून छत्र्यांच्या नोंदी ठेवल्या जातात. ब्रिगेडचा इतिहास लिहिणाऱ्याने या सगळ्यांना किमान एक प्रकरण द्यावे.

साधनांबद्दल. पायाभूत कागद म्हणजे वॉर डायरी, तुकडीने युद्धकाळात ठेवलेली रोजची नोंदवही. ठिकाण, तारीख, वेळ, घटनेचा सारांश आणि परिशिष्टाचा क्रमांक असे तिचे रकाने असतात. खरा माल परिशिष्टांत असतो : मोहिमेचे आदेश, परिस्थितीचे अहवाल, तुकड्यांच्या ठिकाणांची पत्रके, संख्याबळाची विवरणपत्रे, नकाशावर ठेवायचे पारदर्शक कागद. नक्कल मागताना परिशिष्टांसह मागितली नाही तर नुसती पहिली पाने हाती येतात. ब्रिगेडची डायरी एकटी वाचू नये. तिच्या वरच्या डिव्हिजनची आणि खालच्या प्रत्येक पलटणीची त्याच महिन्याची डायरी शेजारी हवी. मुख्यालय घेरले गेले किंवा घाईने मागे आले, तर डायरी नंतर आठवून लिहिलेली असते. अशा पानांवर वेळा अर्ध्या किंवा पूर्ण तासाच्या पूर्णांकात येतात. ती खूण ओळखून त्या वेळा ‘सुमारे’ म्हणूनच वापराव्यात. दक्षिण-पूर्व आशियातल्या महायुद्धकालीन डायऱ्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ १७२ या मालिकेत आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या कागदांसाठी संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केले. युद्ध संपल्यापासून दोन वर्षांत समिती, पुढे तीन वर्षांत कागद गोळा करून इतिहासाचे संकलन, आणि २५ वर्षांवरील कागद तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, अशी त्याची चौकट आहे. कारगिललाही आता २५ वर्षे उलटली आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) नुसार २० वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, सुरक्षेसारखे मोजके अपवाद सोडता, रोखता येत नाही. अर्ज मोघम केला की उत्तरही मोघम येते. म्हणून ब्रिगेडचे त्या काळातले नाव, महिना, वर्ष, ‘वॉर डायरी परिशिष्टांसह’ आणि पानांची पाहणी करण्याची मागणी, एवढे त्यात स्पष्ट लिहावे. एका अर्जात एकच महिना किंवा एकच मोहीम मागावी.

तुमच्याकडून हवे ते असे. ब्रिगेडवरचा लेख किंवा पुस्तक स्वीकारताना लेखकाकडून तीन परिशिष्टे मागा. पहिले, कमांडरांची नावे, रुजू आणि कार्यमुक्तीच्या तारखांसह. दुसरे, प्रत्येक मोहिमेसाठी ब्रिगेड कोणत्या डिव्हिजनखाली होती आणि कोणत्या पलटणी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तिच्या हाताखाली होत्या, त्यांच्या तेव्हाच्या आणि आजच्या नावांसह. ‘वजा’ असलेल्या पलटणी वेगळ्या रकान्यात. तिसरे, एक नकाशा, ज्यावर उंचीचे एकक, उत्तर दिशा आणि तारीख असेल. तयार माहिती असलेल्या लेखकाला हे काम जड नाही. ज्याच्याकडे ही परिशिष्टे नसतील, त्याचा मजकूर एक अंक पुढे ढकला आणि दुसऱ्या परिशिष्टापासून सुरुवात करायला सांगा.

आपले,
लष्करी कागदपत्रे वाचणारे आणि पडताळणारे काही जण